पोचवायचं राहिलेलं झाड

"कुणाला घाई नाही ना?"

आमच्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात आमच्या सीनियर इंजिनिअरांनी बोलावलेली कुठलीही मीटिंग या प्रश्नाने सुरू व्हायची. सगळ्यांसाठी इंग्रजीत, आणि मी टेबलाशी असले तर माझ्याकडे बघून एकदा मराठीत. घाई सगळ्यांनाच असायची. तरी लोक हसून 'स्वीट ॲज', म्हणजे चालेल, म्हणायचे. मग ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा लावायचे आणि पाइपलाइनचा नकाशा उलगडायचे. चर कुठून जाणार, किती खोल जाणार, हे सगळं बोट फिरवत वाचून झालं की विचारायचे, "यात माणूस उतरणार आहे का?"

कागदावरच्या रेघेत माणूस उतरणार आहे का, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. नव्याने आलेल्या मुलांना ती म्हाताऱ्याची लकब वाटायची. वर्षभर मलाही तसंच वाटलं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण त्याची नक्कल करतो, चहाच्या वेळी हसतो, आणि त्याला ही सवय कशी लागली हे विचारायचं राहून जातं.

ते नागपूरचे, मी पुण्याची. आम्ही दोघंही हेन्डरसनला राहायचो, म्हणून त्यांच्या गाडीतून माझं येणं-जाणं सुरू झालं. मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकायच्या. ते रेडिओ लावत नसत. बोलले तर पावसावर बोलायचे, नाही तर मुलीवर. मुलगी युनिव्हर्सिटीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "मी तिला मराठीत रागावतो, ती मला इंग्रजीत माफ करते," असं ते म्हणायचे. एवढाच त्यांचा विनोद. तो त्यांनी मला बऱ्याच वेळा सांगितला.

त्यांच्या घरी लाइमचं झाड आहे हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मी त्यांना वहिनी म्हणायचे. फोनवर त्या सहज म्हणाल्या, "हे शनिवारभर त्या लाइमच्या झाडापाशी बसलेले असतात." लाइम म्हणजे लिंबू, असं धरून मी पुढच्या रविवारी लोणच्यासाठी रिकामी बरणी घेऊन त्यांच्याकडे गेले. वहिनी हसून हसून बेजार झाल्या. इथले लोक लिंडेनला लाइम म्हणतात. त्याला लिंबं येत नाहीत. फिकट पिवळी बारीक फुलं येतात, मधासारख्या वासाची, तीसुद्धा झाड मोठं झाल्यावर.

घर भाड्याचं होतं. मागे लाकडी डेक, आणि डेकवर एका टेबलावर, उथळ चौकोनी कुंडीत ते झाड. हातभर उंच. बुंधा मात्र मनगटाएवढा, खाली पसरट, मुळं मातीवर पंज्यासारखी रुतलेली. पानं हृदयाच्या आकाराची, पुढे टोक काढलेली. आतल्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्यामागे पिंपळपानाचं चित्र. मी म्हटलं, हे तर पिंपळासारखंच दिसतं. ते म्हणाले, "दिसतं. पण नाही." त्यांना उपमा आवडत नसत.

मला बोन्साय बघवत नाही, झाडाला छळल्यासारखं वाटतं, असं मी त्या दिवशी बोलून गेले. त्यांनी वाद घातला नाही. उलट बरणी भरून द्यायला हवी म्हणून शेजाऱ्यांच्या झाडाची लिंबं मागून आणली. ही खरी, आंबट.

पुढे दोन-तीन वर्षं मी ते झाड बघत होते. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ते पूर्ण निष्पर्ण व्हायचं, काड्यांचा नुसता सांगाडा. ऑगस्टमध्ये, फांद्यांवरचे डोळे फुगायच्या आधी, ते त्याला कुंडीतून उपसायचे, लाकडी काडीने मुळांतली माती मोकळी करायचे, जाड मुळं कापायचे, बारीक ठेवायचे. खाली वाढणारं मूळ उडवायचं, बाजूला पसरणारं जपायचं. लिंडेनची पानं बशीएवढी होऊ पाहतात, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्धी पानं कातरायची, म्हणजे दुसऱ्या खेपेला लहान येतात. फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून तिला आडवी आणायची, आणि तार सालीत रुतायच्या आत सोडवायची. एकदा ते चार दिवस तापाने पडून होते तेवढ्यात एका फांदीवर तार रुतली. तो वळ कायमचा राहिला. पाहुण्यांना झाड दाखवताना ते आधी तो वळ दाखवायचे.

हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा बोन्सायवाले जमत. तिथे एक निवृत्त नर्स शिकवायची. तिने पहिल्याच दिवशी यांना सांगितलं होतं की लिंडेनच्या नादी लागू नका, मेपल घ्या, एल्म घ्या. हे म्हणाले, मला हेच करायचं आहे. ती म्हणाली, का? यांनी वही उघडली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि शिकवलं.

मला त्यांनी आपणहून सांगितलं ते मोटरवेवर. पुढे कुठेतरी अपघात झाला होता, सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत ते बोलत राहिले.

आमच्या ऑफिसात येण्याआधी ते एका कंत्राटी कंपनीत साइट इंजिनिअर होते. शहराच्या दक्षिणेला ड्रेनेजची लाइन टाकायचं काम चाललं होतं. वाटेत जुनी लिंडेनची रांग होती, त्यातलं एक झाड काढावं लागलं. कामगारांच्या टोळीत शेन नावाचा एक माणूस होता, तिशीतला, सव्वासहा फुटी, भर थंडीत हाफ पँट आणि गमबूट घालणारा. झाड पाडलं त्या दिवशी त्याने बुंध्याशी फुटलेला एक धुमारा मुळांसकट उपटला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, बादलीत ठेवला आणि बादली यांच्या गाडीत मागे टाकली. म्हणाला, तू हेन्डरसनला राहतोस ना, माझ्या आईचं घर तुझ्या वाटेवरच आहे, तिला दे. तिच्या माहेरी असलं झाड होतं, फुलं आली की ती त्याखाली बसायची.

"त्या संध्याकाळी मी फार दमलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या देऊ."

रात्रभर पाऊस झाला. चराच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत एक पोलादी पेटी उतरवतात, ती घेऊन येणारा ट्रक सकाळी रस्त्यात अडकला. हेही दुसऱ्या साइटवर होते. टोळीप्रमुखाने फोन करून विचारलं, थांबायचं का? हे म्हणाले, पेटी येतेच आहे, तोवर सुरुवात करा, वरवरचं साफ करून घ्या. शेन आत उतरला. एका बाजूची ओली माती आली. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

"मी 'आत उतरा' असं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "'उतरू नका' असंही म्हटलं नव्हतं."

पुढच्या गाड्या हलल्या. त्यांनी गिअर टाकला.

बादली त्यांना आठवड्याने दिसली. गोणपाट वाळलं होतं, पण धुमारा हिरवा होता. ते तसेच निघणार होते शेनच्या आईकडे. पण कंपनीच्या वकिलांनी सगळ्यांना बजावलं होतं की मृताच्या घरच्यांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. अंत्यविधीला जायचं नाही, फोन करायचा नाही. चौकशी चालू आहे. म्हणून त्यांनी बादलीला भोकं पाडली आणि धुमारा तिच्यातच लावला. जमिनीत लावला असता तर पुढे काढून देता आला नसता, आणि घरही भाड्याचं. लिंडेन वाढायला लागलं की दोन मजल्यांवर जातं. कुंडीत जिवंत ठेवायचं, उचलून नेता येईल असं ठेवायचं, तर मुळं कापावी लागतात, शेंडा मारावा लागतो. तेच शिकायला ते त्या हॉलमध्ये गेले होते. बोन्साय त्यांना कधीच करायचं नव्हतं. झाड द्यायचं होतं, आणि द्यायची परवानगी मिळेपर्यंत ते उचलण्याजोगं ठेवायचं होतं.

चौकशी झाली, खटला उभा राहिला, मधे कोविड आला, तारखा लांबत गेल्या. शेवटी कंपनीने गुन्हा कबूल केला आणि कंपनीला शिक्षा झाली. यांच्यावर आरोपच नव्हता. शिक्षा सुनावली त्या दिवशी ते कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. शेनच्या आईने उभं राहून लिहून आणलेलं वाचलं. काय वाचलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिने सगळ्यांची नावं घेतली. माझंही घेतलं. नीट उच्चारता आलं नाही तिला."

मी विचारलं, मग आता तर वकील नाहीत. झाड का देत नाही?

ते म्हणाले, वरची डावी फांदी अजून भरलेली नाही. या उन्हाळ्यात भरेल.

तो उन्हाळा गेला. पुढच्या वर्षी बुंध्यावरची कापल्याची जखम पूर्ण मिटू दे, म्हणाले. लिंडेनची जखम छान भरते. ती भरलीही. मग कुंडी बदलायची निघाली. वहिनी एकदा माझ्यादेखत शांतपणे म्हणाल्या, "हे झाड काही तयार होणार नाही. तुम्ही मेल्यावर मी नेऊन देईन." त्या वेळी ते तार कापत होते. कात्री थांबली, आणि पुन्हा चालू झाली.

बहुधा त्या बोलण्यानेच असेल, नोव्हेंबरात एका शनिवारी त्यांचा फोन आला. गाडी तू चालव, म्हणाले, मी झाड मांडीवर धरतो. वहिनी येणार नव्हत्या. मला एवढी वर्षं पुरे झाली, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलगी दारापर्यंत आली, म्हणाली, "डॅड, यू डोन्ट हॅव टू." त्यांनी बूट घातले.

घर दहा मिनिटांवर होतं. लाकडी, बुटकं, रंग उडालेलं, पुढे तीन पायऱ्या आणि रस्त्याकडे तोंड असलेला व्हरांडा. एक म्हातारं कुत्रं भुंकायचा कंटाळा करून नुसतं उभं राहिलं. जाळीच्या दारातून सत्तरीची एक बाई बाहेर आली. उंच होती. मुलगा कुणावर गेला ते दिसत होतं. त्यांनी आपलं नाव सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे.

बसा म्हणाली नाही. ते पायरीखाली उभे राहूनच बोलले, कुंडी हातात धरून. त्या सकाळी आपण फोनवर काय म्हणालो, काय म्हणालो नाही, सगळं सांगितलं. गाळलं काहीच नाही. मोटरवेवर मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, फक्त इंग्रजीत. ती ऐकत होती. मग त्यांनी झाडाचं सांगितलं. बादली, गोणपाट, तुमच्या माहेरचं झाड, सगळं.

तिने पहिल्यांदा कुंडीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे त्याने माझ्यासाठी पाठवलं होतं?"

"हो."

"आणि इतकी वर्षं तुझ्याकडे होतं?"

"वकिलांनी सांगितलं होतं की भेटायचं नाही."

"आणि तू ऐकलंस."

त्यांनी कुंडी थोडी पुढे धरली.

"माझा मुलगा दारातून आत येताना मान वाकवायचा," ती म्हणाली. "हे एवढंसं का करून ठेवलंस?"

तुमच्यापर्यंत आणता यावं म्हणून, असं ते म्हणाले. पण इतकं हळू की तिला ऐकू गेलं असेल की नाही कुणास ठाऊक. तिने वरच्या पायरीकडे बोट केलं. त्यांनी कुंडी तिथे ठेवली. मग सवयीने सांगायला लागले, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागेल, दुपारचं ऊन थेट नको...

"मला सांगू नकोस," ती म्हणाली. ती आत गेली आणि जाळीचं दार आपटलं.

परत येताना ते मांडीवर रिकामे हात ठेवून बसले होते.

त्यानंतर आमचा ऑफिसला जायचा रस्ता बदलला. मोटरवेला लागण्याआधी ते एक वळण जास्तीचं घ्यायचे आणि त्या घरावरून जायचे. घर जवळ आलं की गाडी आपोआप हळू व्हायची. झाड पायरीवरच होतं. डिसेंबरात हिरवंगार. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर बघितलं तर पानांच्या कडा तपकिरी. त्या जानेवारीत पावसाचा थेंब नव्हता, गवतसुद्धा कडब्यासारखं झालं होतं. दुपारभर ऊन त्या पायरीवर यायचं.

मी म्हटलं, थांबू या का? माझ्याकडे पाण्याची बाटली आहे.

"ते आपलं झाड नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाटलीभर पाणी घालायला झाड आपलं कशाला असायला हवं?

"आपलं नसताना इतकी वर्षं ठेवलं," ते म्हणाले. "आता त्यांचं त्यांना ठेवू दे. जगवायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

मी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. फेब्रुवारीच्या मध्यावर पानं वाळून फांद्यांना तशीच लटकली होती. झाड आपणहून पानं गाळतं तेव्हा ती देठापासून सुटतात. मेलं की चिकटून राहतात. हे मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. ते त्या दिवशी गाडी हळू करून निघून गेले, आणि ऑफिसात दहा वाजताच्या मीटिंगला आले, आणि नकाशा उलगडला. नेहमीचे दोन्ही प्रश्न मात्र विचारले नाहीत. सगळे वाट बघत होते, मग कुणीतरी दुसऱ्यानेच सुरुवात केली.

झाडाबरोबर तेही वाळत गेले, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ते जेवत होते, हसत होते, मुलीच्या पदवीदान समारंभाला नवा कोट घालून गेले. डेकवरचं टेबल मात्र त्यांनी देऊन टाकलं. शनिवारी काय करता, असं मी विचारलं, तर म्हणाले, झोपतो. हॉलमधल्या नर्सबाईंनी वहिनींना फोन करून विचारलं, एल्मचं रोप ठेवलंय, घेऊन जातील का? यांनी नको म्हणून सांगितलं.

जुलैत एका सकाळी मी गेटाशी त्यांची वाट बघत उभी होते. ते कधी उशीर करत नसत. फोन केला तो मुलीने उचलला. ती माझ्याशी त्या दिवशी मराठीत बोलली. "बाबा उठले नाहीत," म्हणाली. झोपेतच हृदय थांबलं होतं.

अंत्यविधीला ऑफिसातले सगळे आले. साहेबांनी भाषण केलं, त्यांच्यामुळे आमच्या एकाही कामावर कुणाला इजा झाली नाही म्हणाले. ते खरं होतं. वहिनी ते ऐकताना जमिनीकडे बघत होत्या. वंदना झाली, आणि शवपेटीसमोरचा पडदा ओढला गेला.

मी आता स्वतःची गाडी घेऊन जायला लागले. सवयीने ते जास्तीचं वळण मीही घेत होते. सप्टेंबरात एका सकाळी ती बाई पायऱ्यांवर बसलेली दिसली, कुत्र्याचे केस विंचरत. मी गाडी लावली आणि उतरले. मी कोण, ते तिला आठवत होतं. मी सांगितलं की ते गेले. कुणीतरी तिला सांगायला हवं होतं असं मला वाटत होतं.

तिने विंचरणं थांबवलं. कधी, म्हणाली. मी सांगितलं. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ते झाड मेलं. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी बघितलं होतं.

"बघितलं होतं हे मला माहीत आहे. ती गाडी रोज सकाळी इथे हळू व्हायची. मी खिडकीत असायचे." तिने फणीत अडकलेले केस काढले. "मी ते मुद्दाम इथे ठेवलं होतं, रस्त्यावरून दिसेल असं. पाणी मी घालणार नव्हते. ते त्याचं काम होतं. मला वाटलं, आज थांबेल. आज नाही तर उद्या."

त्यांना काय वाटत होतं, ते तिला सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. सांगितलं असतं तर तिला आणखी एक ओझं झालं असतं. मी सांगितलं नाही.

"गाडी थांबली असती तर मी काय बोलले असते, कुणास ठाऊक," ती म्हणाली. "बहुतेक त्याला हाकलून दिलं नसतं."

तिने त्यांचं नाव विचारलं. कोर्टात वाचलं होतं, पण नीट कसं म्हणायचं, म्हणाली. मी म्हटलं. तिने म्हणून बघितलं. त्यातला ळ तिच्या जिभेवर येईना. मी पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा चुकलं. मग मान हलवून ती उठली, कुत्र्याला आत घेतलं आणि जाळीचं दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता. ती अजून ते नाव म्हणून बघत होती.